दाताने तोडलेला दोरा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

भिंगरे,

अक्षर बघून पत्र फाडू नकोस. अक्षर तुझ्या आईचं आहे, बोलणं माझं आहे. तुझ्या आजीला लिहिता येत नाही हे तुला माहीतच आहे, आणि या घरात लिहिता येणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही. तेव्हा तुझं भांडण जिच्याशी, तिच्याच हातून मला तुझ्याशी बोलायचं आहे. सोय बघ कशी.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मला त्यात भुंगा कोंडल्यासारखं ऐकू येतं. भुंगा काहीतरी म्हणतो, मी बरं बरं म्हणते. तुला नोकरी लागली तेव्हा मी 'अरेरे, आता कसं' म्हणाले होते, आठवतं ना. त्यापेक्षा पत्र बरं. पत्राला निदान कान लागत नाहीत.

आधी कात्रीचं सांगते. कात्री हरवलेली नाही. पिठाच्या डब्यात, तळाशी, उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेली आहे. परवा पीठ काढायला हात घातला आणि लागली. मला वाटलं, एवढं कडक पीठ कुठल्या गिरणीचं.

इथे तुझ्या आईने पेन थांबवलं. "आई, हे कशाला लिहायचं," म्हणते. मी म्हटलं, सूनबाई, सांगेन ते लिहायचं असं ठरलंय. लिहिलंस? वाचून दाखव. तिने वाचून दाखवलं. आता कागदावर तेच आहे की दुसरं काही, हे तुलाच ठाऊक.

जूनमध्ये तू आलीस तेव्हा पोट नुकतं कुठे दिसायला लागलं होतं. तुझ्या आईने आनंदाने काय केलं, तर कॅलेंडर काढलं आणि नोव्हेंबरच्या एकवीस तारखेला लाल गोल केला. सूर्याला ग्रहण. त्या दिवशी पोटुशी बाईने कापायचं नाही, शिवायचं नाही, काही मोडायचं नाही, खिडकीजवळ फिरकायचं नाही. खोलीत अंधार करून, हात मांडीवर ठेवून बसायचं. नाहीतर पोरावर खूण उठते, ओठ फाटतो, बोटं जुळतात, काय न काय. तू म्हणालीस, "आई, मी कापड कापायच्या खात्यात आहे. कापू नको म्हणजे काय करू, कापडाला समजावू?" मला हसू आलं. तिला आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या पिशवीतून कात्री गायब. तिचीच कात्री, तिनेच तुला पहिल्या पगाराआधी दिलेली, आणि तिनेच काढून घेतलेली. तू भरल्या ताटावरून उठलीस. दारात म्हणालीस, "तुझ्या अंधाऱ्या खोलीत तूच बस. बाळंतपणाला येऊ नकोस." तेव्हापासून या घरात आम्ही दोघी भांड्यांशी बोलतो.

आता माझं म्हणणं ऐक. तुझा नवरा जहाजावर, पुढच्या महिन्यात बाळ येईल तेव्हाही तो कुठल्यातरी पाण्यावरच असणार. माझे गुडघे जिन्याच्या पहिल्या पायरीलाच हात जोडतात. म्हणजे तुझ्याजवळ यायला सगळ्या जगात एकच माणूस उरतं, आणि त्याला तू येऊ नकोस म्हणून सांगून गेलीस. तिला 'ये' म्हण. एवढंच. ग्रहणाचं काय करायचं ते ग्रहण आल्यावर बघू, ते काही आपल्याला विचारून येत नाही.

थकले. इतकं बोलायची सवय राहिली नाही.

तुझी आजी


रविवार, ९ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं उत्तर आलं. तुझ्या आईने वाचून दाखवलं, विजेचं बिल वाचावं तशा आवाजात. "आजी, मी बरी आहे. एकवीसला माझी दिवसपाळी आहे, मी कामावर जाणार. कंपनीची कात्री बोथट आहे, अंगठ्याला फोड आलाय, पण चालतंय. आईला येऊ नको म्हण. ती जवळ असली की मला माझ्याच पोटाची भीती वाटायला लागते."

वाचून झालं, घडी घातली, उठली, आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला बसली. दोन माणसांच्या घरात एवढी भांडी आली कुठून, असं मला वाटलं.

तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. घाबरलेलं माणूस शेजारी बसलं की त्याची भीती आपल्यालाही लागते, खोकल्यासारखी. मला तर रोज लागते. सकाळी उठून ती कॅलेंडरकडे बघते, मी तिच्याकडे बघते, आणि दिवसाला सुरुवात होण्याआधीच दोघी दमतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगू? तुझा बाबा पोटात होता तेव्हाही ग्रहण झालं म्हणे. मला पत्ताच नाही. आभाळ भरलेलं होतं, मी खाली लॉन्ड्रीत चादरी पिळत होते. अंधारून आलं तर म्हटलं आता वाळणार कशा. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं. तुझा बाबा झाला तो ठणठणीत. कान तेवढे सुपाएवढे. ते ग्रहणाने म्हणायचं तर मग तुझ्या आजोबांना कशाने होते?

हे मी तुझ्या आईला कितीदा सांगितलं. ती म्हणते, "तुमचं वेगळं होतं, आई, तुम्हाला माहीत नव्हतं." म्हणजे सूर्याला माणूस शिकलेलं आहे की अडाणी, हे बघून सावली टाकता येते. अडाणी राहिले ते बरंच झालं.

(गोळ्या चुकवू नकोस. पाय सुजत असतील तर मुकादमाला सांगून स्टूल माग, उभ्याने कापू नकोस. फोडावर रात्री तेल लाव आणि दिवसा कापडाची पट्टी बांध, चिकटपट्टी नको, घामाने निघते. हे मी लिहिते आहे, आजी नाही.)

मी एवढंसं बोलले आणि हे पेन इतका वेळ कुठे चालत राहिलं? विचारलं तर म्हणते, "अक्षर नीट काढते आहे." काढ बाई. तुझं अक्षर मला कागदावरच्या मुंग्यांसारखंच दिसणार.

तू 'ये' म्हणाली नाहीस. मी पुन्हा विचारणार आहे. माझ्याकडे वेळच वेळ आहे. तुझ्याकडे मात्र फार नाही.

तुझी आजी


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भिंगरे,

आज पत्र दोनदा बंद पडलं. पहिल्यांदा तुझ्या आईला दूध उतू गेल्याचा वास आला. घरात दूध नव्हतं. दुसऱ्यांदा ती बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे काढून आली, ओले. आता समोर बसली आहे. मी म्हटलं, सूनबाई, मला लिहिता येत असतं तर तुझ्याकडून लिहून घेतलं नसतं. मला सांगायचंच आहे, आणि पोरीला कळायलाच हवं. नाक लाल झालंय तिचं, पण पेन धरलंय.

तुझ्या आधी या घरात एक मुलगा झाला होता. तुला कुणी सांगितलं नाही. तुझ्या बाबाने मला शपथ घातली होती, आणि तो गेल्यावर ती शपथ कुणाकडे परत करायची ते मला कळलं नाही.

तो पोटात असताना ग्रहण होतं. तुझी आई तेव्हा शिंप्याकडे हाताची शिलाई करायची, काज, बटणं, कडेची दुमड. त्या दिवशी तिने सुट्टी घेतली. मागच्या खोलीत खिडकीला घोंगडी टांगली, सुया, कात्री, सुरी, सगळं शेजारी नेऊन ठेवलं, आणि हात मांडीवर ठेवून बसली. मी दाराला पाठ लावून तिच्या समोर बसले. तेव्हा माझे गुडघे माझं ऐकायचे. सुरुवातीपासून सुटेपर्यंत मी तिथून हलले नाही, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. तिने पाणीसुद्धा प्यायलं नाही. इतकं काटेकोर कुणी केलं नसेल, आणि मी बघत होते.

तरी तो फाटलेल्या ओठाने जन्मला. वरचा ओठ मधून उघडा, आत टाळूलाही भेग. त्याला ओढता यायचं नाही. ती ड्रॉपरने थेंब थेंब दूध घालायची, नाकातून बाहेर यायचं, पुन्हा घालायची. आज ओठ शिवून देतात म्हणे, मोठमोठी पोरं हसत फिरतात. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं ते इतकंच, की जरा वजन वाढलं की आणा. वजन वाढलं नाही. थंडी संपायच्या आत गेला.

मग बायका आल्या बसायला. बसल्या आणि विचारायला लागल्या. ग्रहणात भाजी चिरली होतीस का? नाही. कांदा सोलला होतास? नाही. नखं? केस? कागद फाडलास? एक उठली की दुसरी, एक दिवस नाही, रोज. शेवटी तुझी आई म्हणाली, दोरा. एक दोरा मी दाताने तोडला होता. तेव्हा सगळ्यांच्या माना हलल्या, आणि त्या चहा पिऊन घरी गेल्या.

मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, खोटं आहे, मी समोर होते, हिने बोटसुद्धा हलवलं नाही. पण ऐकतंय कोण. आयुष्यात एकदा सुनेची बाजू घेतली, तर त्या बायकांनी मानली नाही ते राहू दे, सुनेनेच मानली नाही. तिला वाटलं, सासू सांभाळून घेते आहे. एवढं वाईट नाव होतं का गं माझं?

(आजी सांगतात तसं नाही. त्या दाराशी बसल्या बसल्या झोपल्या होत्या, घोरत होत्या. माझ्या बाहीचा दोरा सुटला होता, तो मी तोडला. टाके घालणाऱ्या बाईचा दात दोऱ्यावर आपोआप जातो, तुझाही जात असेल. निळा दोरा होता. तो मला अजून जिभेवर लागतो. पण त्या दिवशी माझ्या अंगात पांढरा झगा होता, तोही मला चांगला आठवतो, त्यावर कधीच निळं काही शिवलेलं नव्हतं. निळा दोरा कुठून आला ते मला कळत नाही. मी खूप वर्षं विचार केला. त्या बायकांना काहीतरी सांगितल्याशिवाय त्या थांबल्या नसत्या, हेही आठवतं.)

हे पेन आज फारच चाललं. मी बोलायची थांबले तरी चालत होतं. काय लिहितेस, विचारलं नाही. कधी कधी न वाचता येण्याचाही उपयोग होतो.

तर भिंगरे, ती तुझ्या पोटाला घाबरत नाही. ती स्वतःच्या दातांना घाबरते. तू पोटात होतीस तेव्हा ग्रहण नव्हतंच, तरी सगळे महिने ती तोंड मिटून वावरली. तुझा बाबा म्हणायचा, बायको अबोल झाली, घरात शांतता आली. विनोद करायचा बिचारा. रात्री पाठ फिरवून झोपायचा.

तिला 'ये' म्हण. नसेल म्हणायचं तर तसं कळव. मला आता वाट बघायचाही कंटाळा येतो.

तुझी आजी


बुधवार, १९ नोव्हेंबर

भिंगरे,

तुझं पत्र काल आलं. तुझ्या आईने उघडलं, वाचलं, आणि घडी घालून पोलक्यात ठेवलं. म्हटलं, वाच की. तर म्हणते, "यात तुमच्यासाठी काही नाही, आई." मला लिहिलेलं पत्र, माझ्या नावाने आलेलं, आणि त्यात माझ्यासाठी काही नाही. मला वाचता येत नाही, पण बघता येतं. कागदावर एकच ओळ होती. एका ओळीत काय मावतं ते मला माहीत नाही. 'ये' लिहिलंय का, विचारलं. "नाही. विचारलंय." काय विचारलंय? ती उठून केर काढायला लागली.

संध्याकाळी तिने पिठाचा डबा खाली उतरवला. कात्री काढली, अभ्रा झटकला, सगळ्या स्वयंपाकघरात पीठ. पाती तेलाने पुसली, जुन्या फडक्यावर एक काप घेऊन बघितला. इतक्या वर्षांत तिला कात्री चालवताना बघितलं की मला बरं वाटायचं, तसं वाटलं. फडक्याचं मात्र वाटोळं झालं.

आज सकाळपासून पिशवी भरते आहे. त्यात तिने घोंगडी घातली, खिडकीला टांगायची. मी काढली. पुन्हा घातली. मी पुन्हा काढून त्यावर बसले. म्हणाली, "थंडी आहे तिकडे, पांघरायला." बरं म्हटलं. पांघरायला घेते आहे असं आपण दोघी समजू या. तुझ्या खिडकीला खिळा असेल तर उपटून ठेव.

तिने मला एकदाच विचारलं, "तुमचं कसं होणार?" मी म्हटलं, वरच्या मजल्यावरच्या मीटरवाल्याची बायको दोन वेळा ताट देणार आहे, तिच्या हाताला तुझ्यापेक्षा चव आहे. हे खोटं आहे, तिच्या हाताला मीठ तेवढं आहे. पण एखाद्याला घराबाहेर काढायचं तर असं काहीतरी बोलावं लागतं.

माझी काळजी करू नकोस. मला नुसतं झोपायचं असतं आता. एक बाई खोलीत नसली की खोली मोठी होते, एवढंच. सवय होईल किंवा ती परत येईल.

टपालाला वेळ नाही म्हणून हे पत्र तीच घेऊन येते आहे. म्हणजे तू दार उघडलंस तरच तुला मिळेल. पोस्टमन म्हणून तरी आत घे.

(त्याचं नाव काय होतं, हे आजवर मला कुणी विचारलं नव्हतं. नाव होतं. बारसं झालं नाही, पण मी मनात ठेवलं होतं, दूध पाजताना त्याच्या कानात सांगायचे. भेटल्यावर सांगते. तू ये म्हणाली नाहीस तरी निघते आहे. दारातून परत पाठवलंस तर परत जाईन, रागावणार नाही. कात्री मात्र ठेवून घे, तिला धार लावून आणली आहे.)

तुझी आजी


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

भिंगरे,

अक्षर बदललेलं बघून दचकू नकोस, मी जिवंत आहे. हे आमचे मीटरवाले लिहीत आहेत. दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे उतरवतात, त्यामुळे यांना मोठी वाक्यं झेपत नाहीत. मी एक वाक्य बोलले की विचारतात, "आजी, एवढंच ना?" आज ग्रहण म्हणून यांच्या बायकोने यांना कामावर जाऊ दिलं नाही. वर सगळ्या खिडक्या बंद करून ती बसली आहे, आणि हे माझ्याकडे पळून आले आहेत.

आमच्याकडे उजेड पितळी झालाय. समोरच्या भिंतीवर झाडाच्या सावलीत सगळीकडे चंद्रकोरी पडल्यात, बारीक बारीक, नखं कापून टाकावीत तशा. मी मीटरवाल्यांना म्हटलं, बघा, वर न बघताही दिसतं. ते म्हणाले, "हे लिहू?" लिहा.

तुझ्या आईचं तुझ्या दाराशी काय झालं ते मला माहीत नाही. बुधवारी गेली, काल कुणाचा फोन नाही. परत आली नाही, म्हणजे तू आत घेतलंस, किंवा ती स्टेशनवर पिशवीवर बसून आहे. तिचं काही सांगता येत नाही. काल रात्री मी झोपले नाही. म्हातारीची झोप म्हणजे काय, पण तेवढीही नाही.

एक सांगायचं राहिलं. बुधवारी निघताना ती दारात थांबली, वाकली, माझ्या चांगल्या कानाशी आली आणि एक नाव सांगितलं. कुणाचं ते विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं आम्ही एका छताखाली, एका चुलीवर, एकमेकींच्या घोरण्यासकट, आणि ते नाव मला ठाऊक नव्हतं. मी त्याला आपली छकुला म्हणायचे. चांगलं नाव आहे. मीटरवाल्यांना सांगणार नाही, ते आकड्यासारखं उतरवतील. तिच्या तोंडून ऐक.

आणि हो, मी त्या दिवशी दाराशी झोपले होते असं ती जाता जाता म्हणाली. घोरत होते म्हणे. मी म्हटलं, असेन. तिच्याशी आता भांडणार कोण. पण मग दोरा तोडताना तुला बघणारं कुणी नव्हतं, सूनबाई, आणि तोडला नसशील तर तेही बघणारं कुणी नव्हतं. त्यावर ती जिन्यात बराच वेळ उभी होती. मला वाटलं परत फिरते. पण उतरली.

थांब, मीटरवाल्यांचा फोन वाजतोय.

तुझ्या आईचा होता. तीन शब्द बोलली आणि ठेवला, पैसे वाचवायची सवय. मीटरवाले म्हणाले, "आजी, त्या म्हणाल्या, कात्री दिली तिला. एवढंच."

मी विचारलं, ग्रहण सुटायच्या आधी की नंतर?

त्यांनी खिडकीतून भिंतीकडे बघितलं. चंद्रकोरी अजून होत्या.

"अजून सुटायचंय, आजी."

मी म्हटलं, तेवढं लिहा आणि पाकीट बंद करा. मी आता जरा पडते.

तुझी आजी